पिछाडीचा माणूस

सातारा, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या काही जुन्या गावांत भिंतीत बसवलेली एक छोटी संगमरवरी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेली. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नावं नाहीत. दोन आकडे आणि दोन क्रियापदं. गेले आणि मेले.

युद्धाची आठवण आपण अजूनही याच दोन क्रियापदांत ठेवतो. तिसरंही एक असतं, ते पाटीवर येत नाही. थांबले. म्हणजे भरती झाले, शपथ घेतली, गणवेश चढवला आणि मग वरून हुकूम आला की तुम्ही इथेच थांबा. गोदीत उतरलेला माल मोजा, बिनतारी संदेश टिपून घ्या, नव्या पोरांना शिकवा, कोठाराची किल्ली सांभाळा. युद्ध संपलं, ते घरी आले. सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्यांनी काही सांगितलं नाही.

इंग्रजीत या जागेला होम फ्रंट म्हणतात. मराठीत पिछाडी हा शब्द आहे, आणि त्यातच आपला निकाल लागलेला आहे. आघाडीवर असणं हे कौतुक, पिछाडीवर पडणं ही नामुष्की. क्रिकेटच्या बातम्या वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

माझा प्रश्न या थांबलेल्या माणसाबद्दल आहे. त्याने देशसेवा केली असं म्हणायचं का? आणि म्हणायचं असेल, तर जो गेला त्याच्या शेजारी याला उभं करायचं की चार पावलं मागे?

वाशिममध्ये बसून नौदलाच्या माणसाबद्दल लिहिणं थोडं गमतीचं आहे. इथून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या पुढे. पण पहाटे वाशिम, रिसोड, मंगरुळपीरच्या बाहेरच्या रस्त्यांवर सोळाशे मीटर पळणारी पोरं पाहा. पोलीस, आर्मी, नेव्ही, जी भरती निघेल तिचा फॉर्म भरायचा असं त्यांचं साधं गणित आहे. त्यातला एखादा नौदलात लागलाच, तर गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जहाजावर आहेस का रे?’ आणि पुष्कळदा खरं उत्तर ‘नाही’ असतं. तो एखाद्या कोठारात असतो, एखाद्या कार्यशाळेत असतो, कॉम्प्युटरसमोर असतो.

नौदलाने यावर एक मजेशीर तोडगा काढून ठेवलेला आहे. किनाऱ्यावरच्या तळालाही ते जहाजच म्हणतात. ब्रिटिशांची ही जुनी रीत, ती आपण उचलली. त्यामुळे लोणावळ्याच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, ‘आयएनएस शिवाजी’ उभी आहे. १९४५ साली सुरू झालेली ही संस्था नौदलाच्या इंजिनिअरिंगचं शिक्षण देते. तिच्या आवारात पावसाळ्यात जेवढं पाणी दिसतं तेवढंच. मालाडजवळ मार्वेला ‘आयएनएस हमला’ आहे, तिथे हिशेब, रसद, स्वयंपाक शिकवतात. ओडिशातली ‘आयएनएस चिल्का’ ही नव्या भरतीची शाळा. अशा तळाच्या फाटकातून बाजारात जायचं असेल तरी नौसैनिक म्हणतो, ‘किनाऱ्यावर जातोय.’ बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. मला त्यात एक समजूतदारपणा दिसतो. जहाज पाण्यात आहे की डोंगरात, यावर आतल्या माणसाची शिस्त बदलत नाही, असं ही भाषा सांगते. निदान सांगायचा प्रयत्न करते.

पदकांची भाषा मात्र वेगळी होती.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचं नौदल, त्या वेळचं रॉयल इंडियन नेव्ही, फार झपाट्याने वाढलं. सुरुवातीला जेमतेम दोन हजार माणसांचं हे दल युद्ध संपेतो तीस हजारांच्या घरात पोचलं होतं. एवढी माणसं आणायची कुठून? त्यासाठी राखीव दलं होती. व्यापारी जहाजांवर काम केलेल्यांसाठी एक, आणि ज्यांचा समुद्राशी काही संबंध नव्हता अशा सामान्य नागरिकांसाठी दुसरं, ‘रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटिअर रिझर्व्ह’. नावातच स्वयंसेवक. कालपर्यंत ऑफिसात किंवा कॉलेजात असलेला माणूस सही करून नौदलाचा व्हायचा. पुढे त्याचं काय करायचं हे नौदल ठरवायचं. कुणी अटलांटिकमध्ये, कुणी ब्रह्मदेशाच्या खाड्यांत, कुणी मुंबईच्या कचेरीत.

युद्धानंतर पदकं वाटली गेली तेव्हा ही वाटणी कायमची कोरली गेली. जिथे लढाई झाली तिथे असलेल्यांना तारे मिळाले, अटलांटिक स्टार, बर्मा स्टार वगैरे. जे हिंदुस्थानातच राहिले त्यांच्यासाठी ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ होतं, लढाईबाहेरच्या तीन वर्षांच्या नोकरीबद्दल. तारा नाही, गोल चकती. ब्रिटिश साम्राज्य हिशेबाला पक्कं होतं.

तार्‍यांना माझा आक्षेप नाही. जो मरणाच्या समोर उभा राहिला त्याला काहीतरी निराळं मिळायला हवं. १९७१च्या ९ डिसेंबरला ‘खुकरी’ बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्यांची आणि त्या रात्री मुंबईत रजिस्टर भरत बसलेल्या माणसाची गोष्ट एकच आहे असं म्हणणं हा मेलेल्यांचा अपमान होईल. मला खटकतं ते वेगळंच. ही वाटणी बघताना आपल्या मनात हळूच एक वाक्य घुसतं, की जो गेला तो शूर होता आणि जो राहिला तो कमी शूर. कुणाला कुठे पाठवायचं हे तर कुठल्याशा कचेरीत टाइप झालेल्या यादीने ठरवलेलं असतं. दोघांनी एकाच दिवशी एकाच कागदावर सही केलेली असू शकते.

तत्त्वज्ञानात याला एक नाव आहे, ‘मॉरल लक’. नैतिक नशीब म्हणू. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी १९७६ साली हा विषय ऐरणीवर आणला. ज्या गोष्टी आपल्या हातातच नव्हत्या, त्यांवरूनही लोक आपलं बरंवाईट ठरवतात, आणि तसं ठरवणं चूक आहे हे कळत असूनही थांबवता येत नाही, असा तो पेच. दोन दारूडे ड्रायव्हर. एकाच्या गाडीसमोर पोर आलं, दुसऱ्याच्या आलं नाही. दोष दोघांचा तेवढाच, पण एक जन्मभर खुनी ठरतो. सैनिकाच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने होतं. दोघांनी प्राण देण्याची तयारी दाखवली, एकाकडेच मागितले गेले. दुसऱ्याची तयारी खरी होती की नुसती बोलाची, हे कुणालाच कधी कळणार नाही. त्याला स्वतःलाही नाही. पिछाडीच्या माणसाला रात्री जागं ठेवणारी गोष्ट बहुधा हीच असणार. लोक काय म्हणतात ते सोडा. वेळ आली असती तर मी उभा राहिलो असतो का?

आता कुणी म्हणेल, पिछाडी म्हणजे सुरक्षित हे तरी कुठे खरं आहे? मुंबईने याचं उत्तर १९४४च्या १४ एप्रिलला दिलं. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज ब्रिटनमधल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे व्हिक्टोरिया गोदीत आलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि दारू एका जहाजात. आपल्या वऱ्हाडातल्या जिनिंगवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं, तर त्याने डोक्याला हात लावला असता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले. जहाज बुडवायचं, बाहेर ओढून न्यायचं, की तिथेच आग विझवायची, यावर अधिकाऱ्यांत एकमत होईना, आणि शेवटचा हुकूम देणारा एक माणूस तिथे नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. मलबा उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबली. युद्धकाळातली सेन्सॉरशिप अशी, की हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना ही बातमी सविस्तर छापायला मे महिना उजाडला. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगून टाकली होती. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो या जवानांसाठी.

हे सांगितलं की पिछाडीच्या माणसाची बाजू भक्कम झाल्यासारखी वाटते. बघा, इथेही लोक मेले! पण इथे एक फसगत आहे. पिछाडीवरही धोका होता म्हणून तो माणूस मोठा, असं म्हटलं की आपण मोजपट्टी तीच ठेवली. फक्त तिच्यावर त्याला दोन इंच वर चढवलं. ज्याच्या वाट्याला १४ एप्रिल आलाच नाही, त्याचं काय? ज्याने पाच वर्षं कुलाब्याच्या एका खोलीत कानाला हेडफोन लावून ठिपके आणि रेघा उतरवून घेतल्या, पावसात भिजत बोटं मोजली, एकदाही स्फोट ऐकला नाही, आणि मग रेल्वेचा पास घेऊन गावी परत आला? खरी अवघड गोष्ट त्याची आहे. त्याच्यासाठी धोक्याची मोजपट्टी पूर्ण निरुपयोगी आहे.

आपल्याकडे या माणसाचा एक जुना भाऊबंद आहे, गावचा जागल्या. रात्रभर फिरायचा, आरोळी द्यायचा, कुत्र्यांच्या भुंकण्यावरून काय ते ओळखायचा. चोर आलाच नाही, तर त्याची ती रात्र फुकट गेली का? उलट आहे. चोर आला नाही याचं एक कारण जागल्या असू शकतं, पण ते सिद्ध करता येत नाही. न घडलेल्या चोरीची फिर्याद कुठे नोंदवणार? पहारेकऱ्याचं काम जितकं चांगलं होतं तितका त्याचा पुरावा पुसला जातो. साथ येऊ न देणारी आरोग्यसेविका, धरणाचे दरवाजे वेळेवर उघडणारा पाटबंधाऱ्याचा माणूस, यांचं असंच असतं.

जागल्याचं उदाहरण पुढे नेताना एक काटा टोचतो, तो लपवू नये. जागल्याने सही केलेली नव्हती. ते काम त्याच्या जातीवर लादलेलं होतं आणि त्याचा मोबदला म्हणून मिळणाऱ्या तुटपुंज्या वतनाने त्याला आणखी बांधून टाकलं होतं. बाबासाहेब महार वतनाच्या विरोधात इतकी वर्षं लढले ते उगाच नाही. म्हणजे नुसती सेवा पुरेशी नाही. ती देण्याचा किंवा न देण्याचा हक्क असलेल्या माणसाने ती दिली का, हे बघावं लागतं. स्वयंसेवक राखीव दलातल्या माणसाने तो हक्क वापरला होता. त्याने देशाला (त्या वेळी खरं तर राजाला, पण त्याकडे येतोच) प्राण दिले नाहीत. आयुष्यात पुढची काही वर्षं मी कुठे असेन आणि काय करेन, हे ठरवण्याचा अधिकार त्याने दिला. माझ्या मते मोजायचं असेल तर हे मोजावं. आघाडीवर गेलेल्यानेही सही करताना नेमकं हेच दिलं होतं. त्याच्याकडून पुढे आणखी घेतलं गेलं. ते त्याचं जास्तीचं देणं आहे, आणि त्यासाठी तारा हवाच. पण पहिलं देणं दोघांचं सारखं.

बायकांकडे बघितलं की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. १९४४ साली हिंदी नौदलाची महिला शाखा उभी राहिली, सगळे तिला ‘रिन्स’ म्हणत. संदेशवहन, सांकेतिक लिपी, कचेरीतली कामं. जहाजावर जाणं त्यांच्या करारातच नव्हतं. त्यांच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५मध्ये ब्रिटनला जाऊन आल्या, सैन्यसेवेतली तिथे गेलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे फोटो निघाले. साडीतला गणवेश, खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या. त्यांना ‘लढायला का गेली नाहीस’ असं कुणी विचारलं नसेल. पुरुषाला विचारतात. म्हणजे प्रश्न सेवेचा नसतोच पुष्कळदा, मर्दानगीचा असतो.

वाशिमला समुद्र नाही, पण रसद वाहणाऱ्यांचा इतिहास भरपूर आहे, आणि पिछाडीच्या माणसाचं पुढे काय होतं हे त्यात अगोदरच लिहिलेलं आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलेलं बंजारा वारशाचं संग्रहालयही इथलंच. रेल्वेच्या आधीच्या काळात दख्खनमध्ये कुठलंही सैन्य बंजाऱ्यांच्या तांड्यांशिवाय हलत नसे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन हे तांडे छावणीमागून चालत. १८०३ साली आर्थर वेलस्लीने आपल्याच भागात तीन मोठ्या लढाया मारल्या, आत्ताच्या जालना जिल्ह्यात असई, अकोला जिल्ह्यात अडगाव, आणि मेळघाटात गाविलगड. त्या मोहिमेतला त्याचा पत्रव्यवहार वाचला तर तोफांइतकीच चिंता बंजारे धान्य घेऊन वेळेवर पोचतील की नाही याची दिसते. मराठ्यांच्या फौजांनाही तेच लोक धान्य विकत. दोन्ही बाजू त्यांना सहसा हात लावत नसत, कारण उद्या आपल्यालाही लागणार.

इतिहासाच्या पुस्तकात वेलस्ली आहे, रघुजी भोसले आहेत, शिंदे आहेत. बैल हाकणारा नाही. पुढे आगगाडी आली, धान्य डब्यातून जायला लागलं, तांड्यांचा धंदा बसला. आणि १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राज्यात ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांत बंजाऱ्यांचे गटही आले. आजही महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, म्हणजे कधीतरी कायद्याने गुन्हेगार ठरवून नंतर सोडलेल्यांच्या यादीत. सैन्याला पोसणाऱ्यांना सैन्याच्या मालकांनी दिलेलं हे पदक.

मानोऱ्यावरून आठवलं. कराची बंदराच्या तोंडाशी एक बेट आहे, त्याचंही नाव मनोरा. तिथे दीपगृह आहे. त्या बेटावर वाढलेला एक मुलगा, सरदारीलाल मथरादास नंदा, १९४१च्या ऑक्टोबरमध्ये याच स्वयंसेवक राखीव दलात सब-लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. राखीव दलातला हा अधिकारी पुढे नियमित नौदलात आला आणि १९७० साली भारताचा नौदलप्रमुख झाला. १९७१च्या डिसेंबरमध्ये ४ तारखेच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. आपण दर वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो तो त्यामुळे. ज्या बंदराच्या तोंडाशी बालपण गेलं त्याच बंदरावर हल्ल्याचा हुकूम द्यावा लागला, यातलं दुःख की समाधान हे एका माणसापुरतं. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. नंदांच्या आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ होतो, कराचीवर बाँब टाकणारा माणूस. त्या रात्री नंदा बोटीवर नव्हते, नौदलप्रमुखाने असूही नये. बोटींचं नेतृत्व कमांडर बबरुभान यादव करत होते. तरीही कुणाला ते नाव खोटं वाटत नाही. मलाही वाटत नाही. त्यांनी जबाबदारी घेतली होती, बेत फसला असता तर मान त्यांची गेली असती.

पण मग नियम काय ठरला? पिछाडीवर बसलेला माणूस मोठ्या हुद्द्यावर असेल तर लढाई त्याची. तोच लहान हुद्द्यावर असेल तर लढाई त्याची नाही, तो नुसताच बसलेला. बोटीच्या इंजिनाची देखभाल करणारा, इंधनाचा हिशेब ठेवणारा, संदेश टिपणारा, यांच्या हातून त्या रात्री एक चूक झाली असती, तर क्षेपणास्त्र कराचीपर्यंत पोचलं नसतं. साखळीचं वरचं टोक मोजायचं आणि खालच्या कड्या मोजायच्या नाहीत, ही मोजणी नाही, मानपान आहे.

इथपर्यंत पिछाडीच्या माणसाचा कैवार घेणं सोपं होतं. आता अवघड भाग. पिछाडीवर शत्रू दिसत नाही, पण आपली माणसं रोज दिसतात. आघाडीवरच्या सैनिकासमोर नैतिक प्रश्न येतात, ते सहसा परक्या देशात. घरच्या आघाडीवर ते आपल्याच गल्लीत येतात. बंदूक कुणाच्या दिशेने धरायची, हा प्रश्न तिथे पुस्तकी राहत नाही.

कुलाब्याला ‘एचएमआयएस तलवार’ नावाचं असंच एक जमिनीवरचं जहाज होतं, नौदलाची संदेशवहनाची शाळा. १९४५च्या डिसेंबरमध्ये तिच्या भिंतींवर ‘क्विट इंडिया’च्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या. बलाईचंद दत्त हा टेलिग्राफिस्ट फेब्रुवारीच्या सुरुवातीला पकडला गेला. कमांडर किंग नावाचा अधिकारी खलाशांना वंशावरून शिव्या देत असे, जेवण खाण्यालायक नसे. १८ फेब्रुवारी १९४६ला तलवारवरच्या खलाशांनी जेवण नाकारलं. चार-पाच दिवसांत सुमारे वीस हजार खलाशी, ७८ जहाजं आणि किनाऱ्यावरचे वीस तळ संपात आले. एम. एस. खान अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. मुंबई बंद झाली, परळ-लालबागच्या गिरणी कामगारांनी साथ दिली, गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. सरदार पटेलांच्या शब्दावर २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली.

इथे माझं वरचं उत्तर मला पुरत नाही. मी म्हटलं, सही हेच खरं देणं. मग या पोरांनी तर सही मोडली. गांधीजींची टीका साधारण हीच होती, की नोकरी अपमानाची वाटत होती तर सोडायची होती, चाकरी करत राहून बंड का? तर्क म्हणून ही टीका स्वच्छ आहे, पण मला ती पटत नाही. राजीनामा हा अधिकाऱ्याला परवडणारा शब्द आहे. युद्धकाळात भरती झालेल्या खलाशाला उठून जाता येत नव्हतं, गेला असता तर तो पळपुटा ठरून तुरुंगात गेला असता. दुसरं असं, की आपण कुठे असावं हे ठरवण्याचा अधिकार माणूस देऊ शकतो, आपण काय आहोत हे ठरवण्याचा नाही. शिवी खाऊन गप्प बसणं त्या सहीत लिहिलेलं नव्हतं. आणि ती सही कुणाला दिली होती, हेही त्या हिवाळ्यात बदलत होतं. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता, आणि एकाच देशाच्या दोन गणवेशांतली माणसं एकमेकांकडे पाहत होती.

पटेलांची बाजूही तुडवून जाण्यासारखी नाही. उद्या हे नौदल आपलं होणार आहे आणि हुकूम न पाळण्याची सवय लागलेलं नौदल आपल्याला नको आहे, हा त्यांचा विचार राज्य चालवणाऱ्याचा होता. तो खरा ठरला असंही म्हणता येईल. त्याची किंमत मात्र ४७६ जणांनी दिली. त्यांना नौदलातून काढून टाकलं गेलं. स्वातंत्र्यानंतर भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं नाही, पाकिस्तानच्याही नाही. दत्त पुढे मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात गेले, १९७१ साली त्यांनी आपली हकिकत पुस्तकात लिहिली. बहुतेकांनी काहीच लिहिलं नाही.

यांपैकी किती जणांनी समुद्रावर गोळी चालवली होती, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. एका संदेशशाळेत, मेसच्या टेबलावर, डाळीत खडे सापडतात म्हणून सुरू झालेल्या त्या पाच दिवसांत जो निर्णय त्यांना घ्यावा लागला, तो बर्मा स्टार मिळवलेल्या कित्येकांना कधीच घ्यावा लागला नाही. पिछाडीवर धैर्याची गरज कमी पडते, हे म्हणूनच मला मान्य नाही. तिथे ते केव्हा लागेल याची सूचना मिळत नाही, आणि लागलं तेव्हा ते दाखवणाऱ्याला पदक मिळेल की बडतर्फी, हेही ठाऊक नसतं.

२०२५च्या मे महिन्यात देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर, मनमाड, सिन्नर अशी सोळा ठिकाणं. वाशिम यादीत नव्हतं. इथे भोंगा वाजला नाही, दिवे गेले ते नेहमीच्या लोडशेडिंगने. पण त्या चार दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर आघाडी उघडली होती. कुठल्यातरी व्हिडिओ गेममधले स्फोट खरे म्हणून फिरत होते, आणि ते पुढे न ढकलणारा माणूस ग्रुपवर घाबरट ठरत होता. तो हातातला फोन खाली ठेवणाराही पिछाडीवर काहीतरी राखून उभा होता, असं मी म्हणेन. अर्थात त्याच्या नावाची पाटी कुणी लावणार नाही.

पहाटे पळणाऱ्या पोरांचं काय होणार, हा प्रश्न आता कागदावर आलेला आहे. २०२२च्या अग्निपथ योजनेत सही चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के आत राहणार, उरलेले एकरकमी पैसे घेऊन परत, पेन्शन नाही. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२३च्या मार्चमध्ये चिल्काहून बाहेर पडली, त्यांची चार वर्षं २०२६-२७मध्ये संपतात. यातले बरेच जण वयाच्या बाविशी-तेविशीत आपापल्या गावी उतरतील. कुणी विमानवाहू जहाजावर राहिलेला असेल, कुणी चार वर्षं मार्व्याच्या कोठारात तांदळाची पोती मोजलेली असतील. पारावर बसलेल्यांना दोघांच्या टी-शर्टवरचा नांगर सारखाच दिसेल. मग कुणीतरी पानाची पिंक टाकून विचारेल, ‘पण तू लढला का कधी?’ आणि तांदूळ मोजलेला पोरगा काय उत्तर द्यावं म्हणून जरा वेळ रस्त्याकडे बघत राहील.